उबेची पेटी

रस्ता रुंद व्हायचा म्हणून कापडे गावातली इंटरनेटची पेटी जमिनीखाली जाणार होती. रंगूबाई आडवी आली.

"नको रे पुरू तिला! गरम असते ती. पावसात नातीची दुपटी हिच्यावरच तर वाळवते."

इंजिनिअर धम्मपालने वरचं दुपटं चाचपलं. "खरंच वाळतात?"

"खडखडीत!"

पेटी खड्ड्यात गेलीच. वर उरला फक्त गरम हवा सोडणारा पाइप. पण त्याचं तोंड धम्मपालने रंगूबाईच्या पडवीकडे वळवलं आणि समोर दोरीही बांधली.

रंगूबाई दुपटी घेऊन आली, तर अर्धी दोरी आधीच भरलेली.

"महाडात ऊनच नाही, मावशी," धम्मपाल ओशाळून म्हणाला. "आमच्याकडेही मुलगी झालीय."

रंगूबाईने आधी त्याची दुपटी उलटवली, मग आपली वाळत घातली.