मम्मीचे स्निकर्स

"शवपेटीचं खालचं झाकण बंदच असतं. पाय दिसत नाहीत, बूट नकोत," म्हणत फ्युनरल होमच्या माणसाने मम्मीचे स्निकर्स मला परत दिले. दर रविवारी अख्ख्या अमेरिकन चर्चमध्ये ती एकटीच हे बूट दाराशी काढून आत जायची. शेजारी उभे असलेले पप्पा ती वारल्यापासून बोललेच नव्हते, आणि मला घरच्या जिन्यावर याच बुटांची करकर ऐकू यायची. आता बूट माझ्या हातात होते, तरीही आली! पण मी काही घाबरणारी नाही, यार. ठणकावून म्हटलं, "पुनरुत्थानाच्या दिवशी मम्मी उठेल, तेव्हा अनवाणी चालेल का?" तो माणूस हसला नाही. त्याने खालचं झाकण उघडून चादर सरकवली. बर्फगार पावलांवर मी बूट चढवले. लेस सुटू नये म्हणून निरगाठ मारणार, तोच पप्पांचा हात माझ्या हातावर आला. "निरगाठ नको बाळा, सुरगाठ मार. प्रभू समोर दिसला की तिला बूट काढायचे असतील."