सातनंतर

"एक, दोन, तीन..." पलीकडून मोजणी सुरू झाली. आवाज मुलीचा होता.

बाईंनी हेडफोन कानावर आणखी घट्ट दाबला. दाबल्याने काय आवाज बदलणार होता? चार, पाच, सहा. कोवळा, घाईतला, पहिल्याच नोकरीतला आवाज. मुलगी सातवर आली आणि न थांबता आठवर गेली. तिचं दहा म्हणून झालं, तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ श्वास रोखून बसलो होतो.

अकरा वर्षांपूर्वी दोन्ही देशांचं फाटलं. वकिलातींना कुलपं लागली, राजदूत सामान बांधून आपापल्या घरी गेले. भाषा दोन्हीकडे एकच, पण बोलणं बंद. आता दोन्ही सरकारांना पुन्हा बोलावंसं वाटत होतं आणि आधी तोंड कोणी उघडायचं यावर घोडं अडलं होतं. मग भांडलेल्या जावा शेजारणीकरवी निरोप धाडतात, तसं त्यांनी एका तिसऱ्या सरकारला मध्ये घेतलं. त्या सरकारची माणसं सहा महिने इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे करत होती. शेवटी त्यांनी आपल्या राजधानीतून फिरवून एक टेलिफोन लाइन जोडून दिली. तिची आज पहिली चाचणी होती.

बाई परराष्ट्र खात्यात ऑपरेटर. जुन्या लाइनची चाचणी त्यांनी सोळा वर्षं घेतली होती. ऑफिस उघडलं की इकडून दहा आकडे, तिकडून दहा. तिकडच्या ऑपरेटरला त्यांनी कधी पाहिलं नाही. नाव विचारायची परवानगी नव्हती, म्हणून ते झाले 'पलीकडचे' आणि या 'अलीकडच्या बाई'. पलीकडचे सातपर्यंत मोजत आणि थांबत. कपबशी वाजे, चहाचा एक लांबलचक भुरका येई, आणि मग आठ.

"सात झाले की घसा कोरडा पडतो हो, अलीकडच्या बाई."

"घसा कसला, जीभ! चटक लागलीय तिला."

बोलणं एवढंसंच. पण त्या दोन मिनिटांत बाईंना त्यांची सर्दी कळे, बदलीची धास्ती कळे, पोराच्या निकालाचा आनंद कळे. आई गेली त्या आठवड्यात बाईंनी नुसते आकडे म्हटले होते. "आवाज खोल गेलाय," पलीकडचे म्हणाले होते. "जेवलात का काही?" घरात भरपूर माणसं होती, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

मग ती सकाळ आली. पलीकडचे 'सात' म्हणाले, कप उचलल्याचा आवाज आला आणि लाइन मेली. आठ आलाच नाही. लोक हसतील म्हणून बाई कुणाला बोलल्या नाहीत, पण अकरा वर्षं त्या एका आकड्याची वाट पाहत होत्या. माणूस आहे की गेला, एवढं कळलं असतं तरी पुरे होतं. निवृत्तीला आता दोन महिने उरले होते.

शेजारी तिसऱ्या देशाचा इंजिनिअर दुसरा हेडफोन लावून बसला होता. पुढ्यात छापील फॉर्म. आकड्यांपलीकडे शब्द नको आणि जुनी ओळखदेख नको अशी दोन्हीकडची अट, म्हणून पलीकडे मुद्दाम नवं माणूस बसवलं होतं. इकडे हा जुना टेलिफोन बोर्ड चालवणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं, म्हणून बाईंकडून आकड्यांपलीकडे बोलणार नाही असं लिहून घेतलं होतं. फॉर्मवर 'दोष'पुढे खूण झाली की लाइन बंद, आणि सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. दोन्ही राजधान्यांत त्या खुणेची वाट पाहणारे कमी नव्हते.

"आता तुम्ही," इंजिनिअर म्हणाला.

"एक. दोन. तीन." बाईंचा आवाज ठीक निघाला. "चार. पाच. सहा. सात."

आणि त्या थांबल्या.

थांबायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. इंजिनिअरने मान वर केली, पेन्सिल फॉर्मवर टेकवली. बाईंनी हाताने त्याला थांबायची खूण केली, ओठ हलवले, पण आठ काही बाहेर येईना. एका आकड्यापायी आपण सगळं बुडवणार, हे त्यांना अगदी लख्ख दिसत होतं.

तेवढ्यात कानात कपबशी वाजली. मग एक लांबलचक भुरका.

बाई खुर्चीचा हात धरून बसल्या. बोर्ड इकडे जुना तसा तिकडेही जुनाच. मुलीला तो शिकवायला कुणीतरी जुनं माणूस शेजारी बसवावं लागलंच असणार. इतकी साधी गोष्ट त्यांना आत्ता सुचत होती.

"आठ," पलीकडून एक घोगरा, म्हातारा आवाज म्हणाला.

इंजिनिअर ताडकन सरळ बसला. "हा कोणाचा आवाज?"

"आकडाच आहे ना, साहेब?" बाई म्हणाल्या.

त्याने फॉर्म वरपासून खालपर्यंत नीट वाचला. फक्त एक ते दहा आकडे म्हणावेत, असं छापलं होतं. कोणी, ते छापलं नव्हतं. त्याने पेन्सिल 'दोष'वरून उचलली, 'आवाज स्पष्ट'पुढे खूण केली आणि खाली मान घालून पुढच्या आकड्याची वाट पाहू लागला.

बाईंच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं. त्यांनी ते तसंच वाहू दिलं.

"नऊ," त्या म्हणाल्या.