शोकप्रस्ताव

मुकिंदाच्या धाकट्या लेकीच्या बारशाचं साल. दगडखाणीच्या धुळीनं त्याची छाती भरली होती. खाणमजुरांच्या औषधपाण्याचा खर्च सरकारनं उचलावा, असा प्रश्न आमदार आज सभागृहात मांडणार होते. मुकिंदाची बायको अनसाबाई वर गॅलरीत जीव मुठीत धरून बसली होती.

अध्यक्ष उठले. एक सदस्य पहाटे वारले, असं त्यांनी सांगितलं. सगळे उभे राहिले, तशी तीही राहिली. मग सभागृह तहकूब झालं.

आमदार बाहेर आले. "वहिनी, सदस्य गेला की दिवसभर काम बंद. तशी रीतच आहे."

"मग उद्या मांडा की, भाऊ."

"अधिवेशनच संपलं. आता पुढच्या वेळी."

"तवर ह्यांचा दम टिकंल का?"



मुकिंदा संक्रांतीच्या दिवशी सकाळी गेला. खाण दिवसभर चालू होती.