हातातला ब्रेक

अपघातात संघमित्राचे पाय कायमचे लुळे पडले, तेव्हा गाडी तिचे बाबाच चालवत होते. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आज तिनं त्यांच्यापुढे मॉडेल कार ठेवली. किट बाजारचं होतं, पण ब्रेकचा हातदांडा तिनं स्वतः उरलेल्या प्लास्टिकच्या काडीतून कोरून स्टिअरिंगजवळ चिकटवला होता. "हे काहून?" बाबांनी विचारलं. "अशी खरी गाडी बनवून मिळते, बाबा. मले चालवायची आहे." बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी नखानं दांडा ओढला, तो कटकन तुटला. ते उठून आत गेले. आता हा विषय घरात पुन्हा निघणार नाही, असं संघमित्राला वाटलं. बाबा पक्कड आणि तार घेऊन परतले. तार वाकवत म्हणाले, "दांडा आखूड होता. बैहरच्या घाटात वळताना हात पोचला पाहिजे तुया."