एका रेघेची पिन

"ही पिन कुणी जोडली?" दुरुस्तीवाल्याने इअरफोनची वायर उजेडात धरली.

"आमच्या ह्यांनी," धाकटी म्हणाली. "जुन्या माइकची होती. का, काय बिघडलं?"

"खरखर येते ती वायरीचा टाका सुटल्यामुळे. पण मुळात पिनच चुकीची आहे. ही बघा, हिच्यावर काळी रेघ एकच. म्हणजे आवाज एकाच बाजूचा. दोन रेघा असल्या की डावा वेगळा, उजवा वेगळा. तीन असल्या तर माइकसकट, मोबाइलला लागते ती. भोक सगळ्यांचं सारखंच, म्हणून लोक कुठलीही पिन कुठेही खुपसतात!"

"अहो, पण दोन्ही कानांत ऐकू येतं की!"

"येणारच. डावीकडचाच आवाज दोन्हीकडे वाटून दिलाय. उजवी बाजू तुम्ही कधी ऐकलीच नाहीत, मॅडम." गिऱ्हाइकाची चूक सापडली की हा गडी भलताच खूश व्हायचा, असं दिसलं.

ताई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. एवढं रामायण चाललं होतं आणि ही आपली रस्त्याकडे बघतेय. धाकटीला त्याचाच राग येत होता. अडलं होतं कुणाचं?

ताईने तरुणपणी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून लग्न केलं. आता नवरा गेला, दिराने घरात नकोसं केलं, तेव्हा कुठे माहेर आठवलं. मागची खोली मागत होती. आईचा पलंग शेवटी शेवटी धाकटीने जिथे हलवला होता, तीच खोली. आईच्या खोकल्याने मुलांची झोपमोड व्हायची म्हणून हलवला, उगाच नाही.

खोली काय, देताही आली असती. पण आईचा शब्द होता.

बाबांना असल्या यंत्रांचं भारी वेड. एक माइक आईच्या गळ्याशी, एक स्वतःच्या शर्टाला लावून त्यांनी आजारी आईचं बोलणं टेप करून ठेवलं होतं. दोघंही गेल्यावर ती टेप धाकटीला कपाटात सापडली, फक्त इअरफोनवर ऐकू येणाऱ्या छोट्या टेपरेकॉर्डरसकट. तिच्यात आई आधी म्हणते, "ती माझीच आहे. हे घर तिचंच. तिच्यासाठी दार लावू नका कधी." मग बराच वेळ काहीच नाही. मग एकदम कडक आवाजात, "तिचं नाव काढू नका माझ्यापुढे. जीव विटलाय माझा. ह्या घरात तिने राहू नये, एवढंच माझं म्हणणं."

मधे बाबा काय विचारत ते ऐकू यायचंच नाही. ते होतेच तसे, शेजारच्यालाही कळू नये इतकं हळू बोलणारे. पण त्यात न कळण्यासारखं होतं तरी काय? पहिलं धाकटीबद्दल. ती तेव्हा कामावरून उशिरा यायची, म्हणून ते दाराचं. दुसरं ताईबद्दल.

मन खचलं की धाकटी टेप लावायची, पहिलं वाक्य ऐकून पोटभर रडायची आणि कामाला लागायची. दुसरं वाक्य तिने ताईला फोनवर शब्द न् शब्द सांगितलं होतं. पहिलं सांगितलं नव्हतं. जखमेवर मीठ कशाला चोळा?

तेव्हा ताई एवढंच म्हणाली होती, "एकदा आईच्या आवाजात ऐकव. मग तुझ्या दारात पुन्हा उभी राहणार नाही."

"मग घाला दोन रेघांची," धाकटीने दुरुस्तीवाल्याला सांगितलं. "स्वच्छ ऐकू येऊ दे. नंतर कुणाला शंका नको."

त्याने वायर कापली, सोलली, टाके घातले, फुंकर मारली.

"रागावलीस का गं माझ्यावर?" ताईने विचारलं.

"मी कशाला रागावू? आईने सांगितलं तेवढंच करतेय."

"करच. मी कुठे नाही म्हणते?"

धाकटीला क्षणभर वाटलं, मरू दे ती टेप, हिला घेऊन सरळ घरी जावं. पण आईचा शब्द कसा मोडायचा?

दुरुस्तीवाला त्यांनी आणलेला टेपरेकॉर्डर इअरफोन जोडून पुढे सरकवून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

"एकेक कानात घालू या," ताई म्हणाली. "लहानपणी घालायचो तसं."

धाकटीने इअरफोनचं डावं बोंड घेतलं, उजवं ताईला दिलं आणि बटण दाबलं.

आई अगदी जवळ येऊन बोलायला लागली. ती माझीच आहे. हे घर तिचंच. धाकटीने डोळे मिटले. मग ती नेहमीची शांतता. मग तो कडक आवाज.

धाकटीने चोरून बघितलं. ताईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. पण ती हसत होती.

टेप थांबली.

"ऐकलंस ना?" धाकटीला स्वतःचाच आवाज परका वाटला.

"ऐकलं गं! माझ्या कानात नुसते बाबाच होते. आईचा एक शब्द नाही आला, पण ती काय म्हणाली ते तू सांगितलंयस, मला पाठच आहे." ताईने डोळे पुसले. "आधी त्यांनी माझं विचारलं. 'थोरली परत आली तर?' म्हणाले. मग थोडं थांबून, 'बरं, आणि धाकटी?' तुझ्याबद्दल काय म्हणाली गं आई?"