फोटोखालची ओळ

फोटोच्या पाठीवर ‘दर्याची विधवा’ असं लिहून जासिंतने शाईवर फुंकर घातली. मुंबईच्या एका वर्तमानपत्राने बातमीच्या फोटोंची स्पर्धा लावली होती आणि फोटोबरोबर एक ओळ मागितली होती. दुपारच्या टपालाने पाकीट निघालं नाही, तर अठ्ठावन्न सालची ती स्पर्धा त्याच्यापुरती संपली.

मालवणच्या बाजारात जासिंतचा स्टुडिओ होता. लग्नाची जोडपी, मुंजीचे बटू, चर्चमधून परस्पर आलेल्या नवऱ्यामुली, यांना पडद्यापुढे ताठ बसवण्यातच त्याची उमेदीची वर्षं गेली होती. हा फोटो मात्र वेगळा उतरला होता. वादळ सरल्यावर तो कॅमेरा घेऊन तोंडवलीला गेला होता. तिथे किनाऱ्यावर एक तरुण बाई गुडघ्यांना मिठी घालून ओल्या वाळूत बसली होती, समुद्राकडे बघत. तिचं नाव नर्मदा. तिचा नवरा महादू होडी घेऊन गेला होता, तो परतला नव्हता. फोटो ज्याने पाहिला तो म्हणाला, “जासिंतबाब, पयलो नंबर तुमचोच.” पण फोटो धुतल्यापासून जासिंतला धड झोप नव्हती. त्याने तिला विचारलं नव्हतं. आणि विधवा असं तिला अजून तिच्या गावानेही म्हटलं नव्हतं.

दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढीचे खुंट वाढलेला माणूस.

“फोटो काढशात? मुंबैक बोटीर काम गावता म्हणतत. फोटो लागता.”

जासिंतने त्याला स्टुलावर बसवलं आणि काळ्या फडक्याखाली डोकं घातलं. माणूस कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. त्याची मान टेबलाकडे वळली होती.

“हंय बघ रे.”

मान हलली नाही. जासिंत फडक्याबाहेर आला. तोवर त्या माणसाने उठून फोटो हातात घेतला होता.

“रडतली नाय तर काय,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “बापाशीची होडी गेली तिच्या. घरजावयान फोडली.”

त्याच्या तळव्यांवर दोराने सोललेल्या लाल रेघा होत्या. जासिंतच्या ध्यानात आलं.

“तूच तो महादू मा?”

महादू परत स्टुलावर बसला. होडी फुटल्यावर तो एका फळीला धरून राहिला होता. उत्तरेकडे निघालेल्या एका शिडाच्या पडावाने त्याला उचललं आणि आदल्या दिवशी मालवणच्या धक्क्यावर आणून सोडलं. घर तिथून खाडीपलीकडे, पण पाय उचलत नव्हते.

“सासरो नुको म्हणा होतो. तरी मी होडी दर्यात घातलंय. आता खंयच्या तोंडान घरात जाव? उद्या मुंबैची बोट आसा. मी मेलंय, तां बरां झालां.”

जासिंतने घड्याळाकडे पाहिलं. पाकीट टेबलावर तयार होतं, तिकिटं लावलेलं. या माणसाचा फोटो काढायचा, त्याला बोटीवर जाऊ द्यायचं आणि आपण टपाल कचेरी गाठायची. बाकी काहीच करायचं नव्हतं. लिहिलेली ओळ खोटी आहे हे कोणालाही कधी कळलं नसतं. हा विचार आपल्या मनात आला, याचीच त्याला एकदम भीती वाटली.

“फोटो नीट बघ,” तो म्हणाला. “तिच्या फाटी काय आसा?”

महादूने फोटो डोळ्यांजवळ नेला. मागे, दूरवर, माणसांचा घोळका होता. घोळक्याच्या मध्ये काळ्या, मोडक्या फळ्या दिसत होत्या.

“होडी किनाऱ्याक लागली होती रे. सगळो गाव ती बघूक जमलो. ही एकटी तिच्याकडे पाठ करून बसली. बघ मरे, ती खंय बघता!”

महादूने बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग टॉवेलमध्ये तोंड खुपसून तो हमसून हमसून रडला. जासिंतने त्याला रडू दिलं आणि दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या.

सायकलीवर डबलसीट बसून दोघे निघाले. टपाल कचेरी वाटेतच होती, पण जासिंतने पायडल मारणं थांबवलं नाही. पाकीट टेबलावरच राहिलं होतं. फोटो महादूच्या सदऱ्यात होता. छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेल्यासारखं जासिंतला हलकं वाटत होतं. खाडी तरीच्या होडीतून ओलांडताना तो चक्क शीळ घालू लागला.

नर्मदा अंगणात होती. महादूला पाहून ती ओरडली नाही की धावली नाही. जवळ येऊन तिने त्याचं मनगट धरलं. मग खांदा चाचपला, गाल चाचपला.

“इलास?” एवढंच म्हणाली आणि मनगट घट्ट धरूनच राहिली.

अंगणाच्या कडेला तिचा बाप, म्हातारा रामचंद्र, उकिडवा बसला होता. त्याच्या पुढ्यात किनाऱ्यावरून उचलून आणलेल्या होडीच्या फळ्या रचल्या होत्या. त्या बघताच महादूची मान खाली गेली.

“मामा, तुमची होडी…”

म्हातारा गुडघ्यांवर हात टेकून उठला. जावयाला पायापासून डोक्यापर्यंत त्याने न्याहाळलं. मिठाने पांढरं पडलेलं अंग, सोललेले हात. मग तो लेकीकडे वळला.

“नर्मदा, त्येका न्हावक कढत पाणी तापय,” तो म्हणाला आणि फळ्यांकडे बोट दाखवलं. “चुलीत हीच लाकडां घाल. सुकली आसत.”