बादलीतलं संत्रं

“बेन, आ बारी क्यारेय बंद ना करता,” गॅस गिझर बसवून झाल्यावर मिस्त्री धवल बाथरूमच्या खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला होता. पूर्णिमा नुसती हसली होती. खिडकी कधीच बंद करायची नाही? घरात दीड महिन्याचं बाळ आहे, हे याला काय कळणार?

त्याला आता दोन महिने झाले. आज तिच्या हातात संत्र्याएवढा बाथ बॉम्ब, आंघोळीच्या पाण्यात विरघळवायचा सुगंधी गोळा, होता आणि तो ती पाळण्यापासून लांब धरून उभी होती.

“मृदुला, हे मी घरात ठेवणार नाही. स्पष्टच सांगते.”

मृदुला हेरंबची बहीण, पूर्णिमाची नणंद. बॉम्ब तिनंच घरी करून आणले होते. “बाळंतपणानं कातडी बघ कशी सुकलीय, वहिनी. टब नसला तर बादलीत टाक आणि पाय सोडून अर्धा तास बस. पाणी निवलं की गरम नळ सोडायचा.” पूर्णिमा बसली होती. पाणी फसफसलं, नारंगी झालं, त्या वासानं डोळे आपोआप मिटले. बाहेर आली ती भिंत धरत. डोकं ठणकत होतं, मग उलटी. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. रोजच्या पाच मिनिटांच्या आंघोळीत कधी काही झालं नव्हतं. मग दोष कशाचा, हे सांगायला हवं का? मृदुला नंदेसरीच्या केमिकल कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला. तिथून काय काय घरी येत असेल!

“मी काय पिंपात हात घालून आणते का?” मृदुला म्हणाली. “लिंबूसत्त्व, खायचा सोडा, संत्र्याच्या सालीचं तेल. तेल सोडलं तर तुझ्या ढोकळ्यात असतं तेच. उद्या ढोकळ्यावरही केस करशील.”

“ढोकळा खाऊन मला चक्कर येत नाही.”

मृदुलाचा चेहरा उतरला. तिनं बॉम्ब हिसकावून घेतला. “दे इकडे. मी बसते अर्धा तास. मग तरी विश्वास ठेवशील?”

बाथरूमची कडी लागली. अवनी नुकतीच न्हाऊन पाळण्यात झोपली होती. न्हाली की ती दगडासारखी झोपायची. मालिश चांगली झाल्याची ती खूण, असं पूर्णिमा साऱ्या मांजलपूर वस्तीत सांगत असे.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. दाराखालून संत्र्याचा वास येत होता, आत गरम नळ वाहत होता. पूर्णिमा घड्याळ बघत उभी राहिली. होऊ दे हिचंही डोकं गरगर, मग कळेल, असं तिला वाटलं. वाटल्याची लाजही वाटली.

“मृदुला, ठीक आहेस ना?”

“हो... हो गं.”

जीभ जड वाटली. पण ‘हो’ तर म्हणाली.

पाच मिनिटांनी पुन्हा हाक मारली, तेव्हा आतून फक्त पाण्याचा आवाज आला.

तिसऱ्या धक्क्याला कडी निघाली. मृदुला स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला कलंडली होती, पाय नारंगी पाण्यात. पूर्णिमानं नळ आणि गिझर बंद केला, तिला काखेत धरून ओढत गॅलरीत आणलं, एकशेआठला फोन लावला.

मृदुला ओकली. मग डोळे उघडून आतच बघत राहिली. ओढाताणीत बाथरूमच्या खिडकीचा पडदा निघून आला होता. त्यामागे खिडकीवर जाड प्लास्टिक होतं, चारही बाजूंनी खाकी चिकटपट्टीनं घट्ट बसवलेलं.

“हे... कोणी लावलं?”

“मीच. बाळाला वारा लागू नये म्हणून.”

मृदुला कशीबशी कोपरावर उठली. “बंद जागेत गिझर जळत राहिला की विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, वहिनी.” तिला धाप लागली. “अवनीला... कुठं न्हाऊ घालतेस?”

पूर्णिमा पाळण्याकडे धावली. अवनीला उचललं तर मान खांद्यावरून घसरली. हलवलं. गॅलरीत नेलं, गालावर पाणी मारलं, नाव घेतलं, पुन्हा घेतलं. खाली रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजू लागला तेव्हा अवनीनं तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. तिला कोणी गप्प केलं नाही.

तुमच्याकडे आत्ता कोणी गॅस गिझर लावून आंघोळीला गेलं असेल, तर हे वाचणं राहू द्या. दार वाजवा. आणि आतून ‘हो’ आलं, तरी पुन्हा वाजवा.